रानमेव्याचा रंग आणि त्यामागील रसायन

प्रस्तावना

जांभूळ, करवंद आणि आवळा या फळांची नावे आज ज्या गुणासाठी चूर्णांच्या बरण्यांवर आणि सरबतांच्या बाटल्यांवर ठळक छापली जातात, त्या गुणाचे नाव मुळात कारखान्यात रुळलेले आहे. ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणजे ऑक्सिडीकरण रोखणारा किंवा मंदावणारा पदार्थ. विसाव्या शतकाच्या आरंभी हा शब्द मुख्यतः रबर, इंधन आणि धातू यांच्या संदर्भात वापरला जात असे, कारण हवेतील ऑक्सिजनमुळे रबर तडकते, साठवलेल्या पेट्रोलात चिकट साका धरतो आणि लोखंड गंजते, आणि हे नुकसान थांबवणारी रसायने शोधणे ही वाढत्या उद्योगांची निकड होती. पिंपरी-चिंचवडपासून भोसरीमार्गे चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात, आणि त्या पट्ट्यातील कामगारांना व अभियंत्यांना घर देणाऱ्या रहाटणीसारख्या उपनगरात, या शब्दाचा मूळ अर्थ आजही रोजच्या कामातला आहे. यंत्रावरून उतरलेल्या सुट्या भागांना गंजरोधक तेल लावले जाते, पत्र्यावर जस्ताचा थर चढवला जातो, आणि गाडीच्या टायरमध्ये असे पदार्थ मिसळलेले असतात की जे हवेतील ऑक्सिजनशी व ओझोनशी स्वतः संयोग पावतात आणि रबराला वाचवतात. रहाटणीच्या रस्त्यावर जूनमध्ये पाटीत येणाऱ्या जांभळातील रंगद्रव्यांचा गुण आणि त्याच रस्त्यावरून धावणाऱ्या टायरचे टिकाऊपण यांच्या मुळाशी अशा रीतीने एकाच जातीची रासायनिक क्रिया आहे, आणि त्या क्रियेची ओळख करून घेतल्याशिवाय फळांच्या गुणांविषयी केलेले कोणतेही विधान पारखता येत नाही.

ऑक्सिडीकरणाचा गाभा इलेक्ट्रॉनच्या देवघेवीत आहे. एखाद्या रेणूतून इलेक्ट्रॉन निघून गेला की त्या रेणूचे ऑक्सिडीकरण झाले असे म्हणतात, आणि ज्या रेणूत किंवा अणुगटात जोडीदाराविना एखादा सुटा इलेक्ट्रॉन उरतो त्याला ‘मुक्त मूलक’ अशी संज्ञा आहे. असा मूलक शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून स्वतः स्थिरावतो, पण ज्याचा इलेक्ट्रॉन गेला तो रेणू आता मूलक बनतो आणि ही साखळी पुढे चालत राहते. डब्यात फार दिवस राहिलेले सुके खोबरे किंवा शेंगदाण्याचे कूट खवट होते ते याच साखळीमुळे. अँटिऑक्सिडंट ही साखळी तोडतो. तो आपला इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजनचा अणू देऊन टाकतो, आणि त्याच्या रचनेतील वलयांवर उरलेला सुटा इलेक्ट्रॉन पसरून राहत असल्याने तो स्वतः फारसा आक्रमक होत नाही. जांभळा-करवंदातील बहुतेक अँटिऑक्सिडंट ज्या वर्गात मोडतात त्या ‘पॉलिफेनॉल’ संयुगांची रचना अशीच वलयांची असते, आणि त्या वलयांना जोडलेले हायड्रॉक्सिल गट हीच त्यांची इलेक्ट्रॉन देण्याची जागा असते.

हा विचार कारखान्यातून शरीरशास्त्रात यायला अर्धशतक लागले. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात मोझेस गोमबर्ग यांनी १९०० मध्ये मुक्त मूलकाचे अस्तित्व प्रथम दाखवले. १९५६ मध्ये डेनहॅम हार्मन यांनी वार्धक्याचे एक कारण पेशींत तयार होणारे मूलक असावेत असा सिद्धान्त मांडला. आणि १९६९ मध्ये जो मॅकॉर्ड व आयर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड हा मूलक निकामी करणारे विकर, म्हणजे शरीरातील क्रिया घडवून आणणारे प्रथिन, सजीवांत असल्याचे सिद्ध केले. या तिसऱ्या शोधाचे महत्त्व अनेकदा नजरेआड होते. शरीर स्वतःच्या संरक्षणासाठी केवळ फळांवर अवलंबून नाही, त्याच्याकडे विकरांची स्वतःची फळी आहे, आणि पांढऱ्या पेशी तर जंतू मारण्यासाठी मूलक जाणूनबुजून तयार करतात, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे सगळे मूलक वाईट आणि सगळे अँटिऑक्सिडंट चांगले ही सोपी विभागणी टिकत नाही.

विषयाची दुसरी बाजू फळांची, आणि तेथे पहिला प्रश्न नावाचा येतो. ‘बेरी’ या इंग्रजी शब्दाला मराठीत सर्वमान्य असा एकच प्रतिशब्द नाही. वनस्पतिशास्त्राने त्यासाठी ‘मृदुफळ’ ही संज्ञा घेतली असून, फुलातील एकाच अंडाशयापासून बनलेले, गर मऊ असलेले आणि बियांभोवती दगडासारखी कोय नसलेले फळ असा तिचा अर्थ आहे. या व्याख्येने द्राक्ष, करवंद आणि कोकम मृदुफळे ठरतात, पण टोमॅटो, वांगे आणि मिरचीही त्यांच्याच पंक्तीला येऊन बसतात. उलट बोर आणि आवळा यांना कोय असल्यामुळे ती ‘अश्मगर्भी’ फळांत जातात, आणि जिला सगळे जग बेरी म्हणते ती स्ट्रॉबेरी तर फुलाच्या फुगलेल्या पुष्पासनापासून बनते, तिची खरी फळे म्हणजे तिच्या अंगावरचे बारीक पिवळसर ठिपके. लोकभाषेने मात्र वेगळा मार्ग धरला: जे न लावता येते, हंगामात येते आणि वेचून खाल्ले जाते ते सारे ‘रानमेवा’. प्रस्तुत विवेचनात ही लोकभाषेतील विभागणी पायाभूत मानली असून, द्राक्ष आणि स्ट्रॉबेरी ही लागवडीची फळे तिच्या शेजारी तुलनेसाठी ठेवली आहेत.

रहाटणी आणि तिचा परिसर या अभ्यासाचे केंद्र म्हणून निवडण्यास कारण आहे. आज हा भाग उंच इमारतींचा आणि रुंद रस्त्यांचा आहे, पण आसपासच्या गावांची नावे अजून झाडांची आठवण सांगतात. चिंचवडच्या नावात चिंच आणि वड आहेत अशी परंपरेने सांगितली जाणारी व्युत्पत्ती आहे. मावळात कान्हे फाट्याजवळ जांभूळ नावाचे गाव आहे, मुळशी तालुक्यात मारुंजीपलीकडे जांबे आहे, चाकणच्या पश्चिमेला आंबेठाण, बोरदरा आणि करंजविहिरे आहेत. कारखान्यांच्या फाटकांवर झळकणाऱ्या पत्त्यांत झाडांची नावे अशी टिकून आहेत. फळेही अजून येतात. एप्रिल आणि मे महिन्यांत मावळ-मुळशीच्या डोंगरांतील जाळ्यांतून करवंदे उतरतात आणि ‘डोंगरची काळी मैना’ या आरोळीने ओळखली जातात. मृगाच्या आगेमागे जांभळे येतात. दिवाळीनंतर आवळा, संक्रांतीच्या सुमारास बोरे आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, आणि थंडी ओसरू लागताना पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगाव-जुन्नरची काळी द्राक्षे येतात. रहाटणीसारख्या ठिकाणी त्यामुळे सह्याद्रीच्या उतारावरचे, देशावरच्या माळावरचे आणि बागायती शेतातले फळ एकाच हातगाडीवर पाहायला मिळते, आणि तिन्हींची तुलना करण्याची सोय सहसा दुसरीकडे इतकी सहज लाभत नाही.

या फळांच्या ओळखीची सुरुवात जांभळापासून करणे सोयीचे आहे. त्याचे शास्त्रीय नाव सायझिजियम क्युमिनी. त्याच्या सालीचा गडद रंग ‘अँथोसायनिन’ या रंगद्रव्यांचा असून, त्यात डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन आणि माल्व्हिडिन यांना साखरेचे दोन घटक जोडलेली संयुगे प्रमुख आहेत. अँथोसायनिन हे आम्लात लाल आणि अल्कलीत निळसर दिसते, म्हणूनच कपड्यावर पडलेला जांभळाचा डाग साबण लावताच निळा पडतो आणि लिंबू चोळताच तांबूस होतो. रंगद्रव्याची रचना सभोवतालच्या आम्लतेनुसार बदलते याचा हा घरातील सर्वांत सोपा पुरावा आहे. जांभूळ खाल्ल्यावर घशाशी जो तुरटपणा दाटतो तो ‘टॅनिन’ या दुसऱ्या गटाचा, कारण टॅनिनचे रेणू लाळेतील प्रथिनांना बांधून घेतात आणि जिभेचा ओलावा हरवल्यासारखा वाटतो. फळ पिकत जाते तसे टॅनिन ओसरते आणि अँथोसायनिन वाढते, म्हणून कच्च्या, गदरलेल्या आणि पूर्ण पिकलेल्या जांभळाचे पृथक्करण तीन वेगवेगळी उत्तरे देते. पालघर तालुक्यातील बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन लाभले आहे आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बहाडोली’ हे वाण दिले आहे. पुणे जिल्ह्यातील ओढ्याकाठच्या गावठी झाडांना असे नाव नाही, तरी प्रत्येक झाडाची चव गावकऱ्यांना वेगळी ठाऊक असते, आणि ही चवीतील भिन्नता म्हणजे संयुगांच्या प्रमाणातील भिन्नतेची पहिली खूण होय.

करवंदाची कथा याहून अवघड आहे, कारण हे फळ जवळजवळ संपूर्णपणे रानातले आहे. कच्चे करवंद तोडले की पांढरा चीक येतो, त्याची आम्लता तीव्र असते आणि त्याचे लोणचे घातले जाते. पिकताना त्यात सायनिडिन गटातील अँथोसायनिन साठते आणि हिरवे फळ तांबूस होऊन अखेरीस काळे पडते. अर्सोलिक आम्ल आणि ल्युपिऑल ही मेणासारखी संयुगेही या वनस्पतीत आढळली आहेत, मात्र ती पाण्यात विरघळत नसल्याने सरबतात किती उतरतात हा स्वतंत्र प्रश्न राहतो. डोंगर उतरून शहरात आलेले करवंद दुसऱ्या दिवशी मऊ पडते, त्यामुळे तोडल्यापासून प्रयोगशाळेपर्यंत गेलेले तास हा मोजणीचाच एक भाग मानावा लागतो.

आवळ्याच्या बाबतीत आकड्यांचा धडा मिळतो. भारतीय खाद्यपदार्थांच्या जुन्या कोष्टकांत १०० ग्रॅम आवळ्यात सुमारे ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिलेले आढळते, तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत ते त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. वाण, हंगाम आणि मोजण्याची पद्धत या तिन्हींमुळे अशी तफावत पडू शकते, म्हणून दोन्ही आकडे जपून ठेवणे आणि प्रत्येकाची पद्धत शेजारी लिहिणे हाच शास्त्राचा मार्ग आहे. आवळ्यातील टॅनिन मात्र प्रत्येक स्वयंपाकघराला परिचित आहे: लोखंडी कढईत शिजवलेला आवळा काळा पडतो, कारण टॅनिन आणि लोह यांचे काळे संयुग बनते, आणि हिरड्यातील टॅनिन व हिराकस यांपासून पोथ्यांची काळी शाई याच क्रियेने तयार होत असे. क जीवनसत्त्व अन्नातील लोह शोषण्यास मदत करते, तर टॅनिन त्यास आडकाठी करते. एकाच फळात परस्परविरोधी कार्ये करणारी संयुगे असतात ही जाणीव पुढील सर्व प्रकरणांत वाचकाने मनाशी ठेवावी.

लागवडीच्या फळांत पुणे जिल्ह्याचे स्थान मोठे आहे. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने ‘मांजरी मेडिका’ हे रसाचे वाण विकसित केले, ज्याचा सालीप्रमाणे गरही रंगीत असतो आणि त्यामुळे रसात अँथोसायनिन अधिक उतरते. पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकी आणि युरोपीय द्राक्षजातींच्या संकरातून ‘एआरआय-५१६’ हे वाण दिले. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून तिचा लाल रंग पेलार्गोनिडिन या निराळ्या अँथोसायनिनचा आहे. टोमॅटोतील लायकोपिन हे रंगद्रव्य या सर्वांहून वेगळे, कारण ते स्निग्ध पदार्थांत विरघळते, आणि म्हणून तेलाच्या फोडणीत शिजवलेल्या टोमॅटोतून ते कच्च्या टोमॅटोपेक्षा अधिक शोषले जाते. शिजवल्याने गुण नेहमी घटतोच असे नाही, हे या एका उदाहरणाने दिसते. जांभळाचा रस उकळला तर मात्र अँथोसायनिन उष्णतेने विघटित होते.

मोजणीच्या पद्धतींविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण बाजारातील बहुतेक गैरसमज तेथूनच निघतात. एकूण फिनॉल मोजण्यासाठी वापरला जाणारा फोलिन-सिओकाल्टो अभिकर्मक १९२७ मध्ये प्रथिनांतील विशिष्ट घटकांसाठी वर्णिला गेला होता. तो फिनॉलबरोबर क जीवनसत्त्वाशीही क्रिया करतो, त्यामुळे आवळ्यासारख्या फळात ते वजा केल्याशिवाय उत्तर फुगलेले येते. दुसऱ्या प्रचलित पद्धतीत डीपीपीएच हा स्थिर मूलक वापरतात: त्याचे द्रावण गडद जांभळे असते, अँटिऑक्सिडंट मिसळला की ते फिके पिवळे होत जाते आणि रंग किती उतरला यावरून क्षमता काढतात. जांभळाचा अर्क स्वतःच रंगीत असल्याने ही तुलना काळजीपूर्वक करावी लागते. अमेरिकेच्या कृषी खात्याने ‘ओआरएसी’ या नावाने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची मोठी यादी प्रसिद्ध केली होती, पण परीक्षानळीतील क्षमतेवरून शरीरातील परिणाम सांगता येत नाही आणि यादीचा जाहिरातींत दुरुपयोग होतो या कारणांसाठी २०१२ मध्ये त्यांनीच ती मागे घेतली.

परीक्षानळी आणि शरीर यांच्यातील हे अंतर मोठे आहे. खाल्लेल्या अँथोसायनिनचा फार थोडा अंश मूळ रूपात रक्तात पोहोचतो; उरलेल्याचे आतड्यातील जिवाणू लहान संयुगांत रूपांतर करतात, आणि हितकारक परिणाम होत असेल तर तो या लहान संयुगांमुळे, किंवा त्यांच्या सौम्य चेतावणीने पेशींची स्वतःची संरक्षक विकरे जागी झाल्यामुळे होत असावा, असे मत अलीकडे बळावत आहे. वेगळा काढलेला अँटिऑक्सिडंट मोठ्या मात्रेत देणे धोक्याचेही ठरू शकते, हे फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर झालेल्या आणि १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवले: बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी होण्याऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी वाढले. फळे आणि भाज्या भरपूर खाणाऱ्यांचे आरोग्य चांगले असते हे निरीक्षण त्यामुळे खोटे ठरत नाही. त्या आरोग्याचे श्रेय एका रेणूला देऊन तो गोळीत भरणे चुकीचे ठरते.

आयुर्वेदाच्या परंपरेने या फळांचा विचार फार पूर्वी केला आहे, आणि चरकसंहितेत मूत्रसंग्रहणीय, म्हणजे लघवीचे प्रमाण आवरणाऱ्या, द्रव्यांत जम्बू, म्हणजे जांभूळ, येते. मधुमेहावर जांभळाच्या बियांचे चूर्ण देण्याचा प्रघात आजही आहे. त्या प्रघाताचा आदर करूनही हे नोंदवले पाहिजे की बियांचे चूर्ण आणि गोड गर ही दोन निराळी द्रव्ये आहेत, आणि चालू औषध थांबवून त्यांच्यावर विसंबणे जिवावर बेतू शकते. निसर्गातील पदार्थ औषध होण्यासाठी काय करावे लागते हे या परिसराला ठाऊक आहे: पिंपरीत १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने एका बुरशीपासून मिळणारे पेनिसिलिन शुद्ध, मोजलेल्या आणि तपासलेल्या मात्रेत देशातील रुग्णांपर्यंत नेले. रानमेव्यासाठी अशी कसोटी पूर्ण होईपर्यंत त्याला उत्तम अन्न म्हणणे पुरेसे आहे, आणि त्यात त्याचा यत्किंचितही कमीपणा नाही.

पुढील विवेचनाचा क्रम याच विचाराने ठरवला आहे. प्रथम प्रत्येक फळाचे झाड, त्याची जागा आणि बहराचा काळ, नंतर पिकण्याच्या अवस्थांनुसार बदलणारी संयुगे, त्यापुढे वाळवणे, मुरवणे, सरबत आणि शिजवणे यांचे परिणाम, आणि अखेरीस आहारातील स्थान, अशी मांडणी आहे. कोठेही एखाद्या फळाला दुसऱ्याहून श्रेष्ठ ठरवणारी क्रमवारी दिलेली नाही, कारण रंग, तुरटपणा आणि आंबटपणा ही झाडाने आपल्या गरजेसाठी घडवलेली साधने आहेत: कच्चे फळ तुरट असते ते बी तयार होण्याआधी कोणी खाऊ नये म्हणून, पिकलेले गडद दिसते ते बुलबुलाला आणि कोकिळेला दुरून कळावे म्हणून, आणि पानाफळांतील फिनॉल संयुगे उन्हाच्या दाहापासून पेशींना सावरतात. माणसाला मिळणारा लाभ हा या व्यवस्थेतील वाटा आहे.

म्हणूनच या विषयात कोणताही आकडा एकटा लिहू नये. कोणत्या झाडाचे फळ, कोणत्या उतारावरचे, कोणत्या महिन्यात आणि किती पिकलेले तोडले, किती तासांनी तपासले आणि कोणत्या पद्धतीने, हे सारे त्याच्याबरोबर लिहिले गेले तरच तो आकडा ज्ञानाचा भाग होतो. शास्त्रातील मोजणीची खरी कसोटी ती पुन्हा करता येण्यात असते, आणि फळाच्या बाबतीत ती पुन्हा करण्यासाठी तेच झाड पुढच्या हंगामातही जागेवर असावे लागते. रस्ता रुंद करताना तुटलेल्या जांभळाबरोबर, किंवा भूखंड सपाट करताना उपटलेल्या करवंदाच्या जाळीबरोबर, केवळ सावली आणि चव जात नाही. त्या झाडाविषयी लिहिलेले प्रत्येक वाक्य पडताळण्याची सोय जाते. रहाटणीपासून मावळच्या डोंगरापर्यंत जी झाडे आज उभी आहेत त्यांची नोंद करणे, त्यांना ओळखणाऱ्या आणि पाटी डोक्यावर घेऊन ती फळे शहरापर्यंत आणणाऱ्या बायांकडून त्यांची नावे व गुण समजून घेणे, आणि ती झाडे राखणे, हे या अभ्यासाचे पहिले काम आहे. प्रयोगशाळेचे काम त्यानंतर सुरू होते.